उशिरा सुटलेली मूठ

आप्पाच्या त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही.

पोस्टाचं साधं कार्ड होतं. हल्ली ते कुणी पाठवत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदारानं मला ते देताना उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सर, ही कसली जाहिरात आहे?"

आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ बिरू. माणदेशात हिवरखोरी नावाचं आमचं गाव आहे. तिथं आप्पाची शेती आणि त्याचे शर्यतीचे खिलार बैल. मी धाकटा. शिकून पुण्याला आलो, स्नायूंच्या जीवरसायनावर नोकरीभर काम केलं आणि निवृत्त होऊन पुस्तकांत बसलो. आप्पाला कमी ऐकू येतं आणि मी फोनवर अडखळतो. त्यामुळे आमचं बोलणं कार्डावरच चालतं, म्हणजे त्याच्या बाजूनं तरी चालतं. त्यानं लिहिलं होतं:

"चि. सिदूस आशीर्वाद. बेंदराला पाखऱ्याच्या खांद्याला नवीन मलम चोळायचं म्हणतोय. डबीवर लिहिलंय, हातमोजे घालावेत. खांदेमळणीच्या दिवशी बैलाला मोजे घालून हात लावायचा हे मनाला पटत नाही. देवाला फूल काय चिमट्यानं वाहतात? तू यातला जाणकार. घालावेत का घालू नयेत, एवढंच कळव."

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोण्यानं मळतात. वर्षभर जू वाहिलेला तो खांदा. मळून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." लहानपणी मीही ते म्हटलं आहे, आप्पाच्या पाठीमागं उभा राहून, अगदी हळू. बैलाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

विचारलेलं साधं होतं. उत्तर एका शब्दाचं होतं. मी कागद घेतला आणि लिहीत सुटलो.

काय लिहिलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. स्नायूच्या पेशीत केंद्रकं असतात. केंद्रकात जनुकांचा लांबच लांब धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. धागा घट्ट असला तर जनुक वाचलं जात नाही, सैल असला तर वाचलं जातं. काही प्रथिनांचं कामच हे, की धागा घट्ट राहील असं बघायचं. त्यांना मी वर्गात रखवालदार म्हणत असे. स्नायू कामाला लागला की पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि एक विकर त्या रखवालदाराच्या अंगाला फॉस्फेटचा बिल्ला लावतं. बिल्ला लागला की रखवालदार केंद्रकाबाहेर जातो, चहाला गेल्यासारखा. तो बाहेर असेपर्यंत रिळं सैल होतात आणि न दमता काम करण्याची जनुकं वाचली जातात. विश्रांती मिळाली की बिल्ला निघतो आणि रखवालदार जागेवर येतो. राबणाऱ्या माणसाचा हात वेगळा का असतो, याचं बरंचसं उत्तर या येण्याजाण्यात आहे.

नवं मलम हा बिल्ला निघूच देत नसे. पाय दुखावून गोठ्यात बसून राहिलेल्या बैलांसाठी ते तयार झालं होतं. बैल बसलेला, पण त्याच्या खांद्याला वाटावं की आपण नांगर ओढतो आहोत. कल्पना सुंदर होती. शर्यतवाल्यांच्या हाती ती दोन वर्षांतच पडली.

मी फार पूर्वी उंदरांवर एक प्रयोग केला होता. रखवालदार फार काळ बाहेर राहिला तर रिळांवर दुसऱ्याच जातीच्या खुणा उमटतात, आणि त्या पुसल्या जात नाहीत. तो परत येतो तेव्हा त्याच्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असतं. आणि बैलाच्या जाड कातड्यातून आत शिरणारं औषध माणसाच्या तळहाताला काय जुमानणार? हे मला ठाऊक होतं. निदान ठाऊक असल्यासारखं होतं. त्या प्रयोगावरच्या निबंधाचं शेवटचं वाक्य मी असं लिहिलं होतं, की याविषयी अधिक संशोधनाची गरज आहे. पुढं ते संशोधन कुणी केलं नाही. मीही नाही.

तर आप्पाला मी लिहिलं की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. परंतु प्रथिनं तीच असतात. परंतु मात्रा किती यावर अवलंबून. परंतु तळहाताची कातडी जाड असते. पानांमागून पानं झाली. दुसऱ्या दिवशी वाचलं तर ते मलाच कळेना. पुन्हा लिहायला घेतलं. तेवढ्यात बेंदूर होऊन गेला.

मग वाटलं, आता काय कळवायचं?

दिवाळीला गावी गेलो. आप्पा वेशीपर्यंत घ्यायला आला होता.

"आला का शास्त्रज्ञ! कार्ड पोचलं न्हाई व्हय रं माझं?"

"पोचलं, आप्पा. लिहायला घेतलं होतं, पण—"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आता बघच तू."

त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बोटं मोडतील असं वाटलं. बराच वेळ त्यानं हात सोडला नाही. मला वाटलं, प्रेम. आम्ही दोघंही त्या बाबतीत बोलके नाही, म्हणून मी गहिवरलो. नंतर कितीतरी वेळा मला तो हात आठवला.

घरी त्यानं शेंगांचं भरलेलं पोतं एकट्यानं उचलून दाखवलं. रोज संध्याकाळी पाखऱ्याचा खांदा मळता मळता स्वतःचेही हात कोपरापर्यंत त्या मलमात बुडत होते, हे तोच सांगत होता.

"बैलासंगं मी बी तरणा झालो. फुकटात!"

वैनी चुलीपाशी होत्या. "व्हय तर. म्हाताऱ्याला पालवी फुटलीया. पर सुईत दोरा ववाय सांगा की. दिवस मावळतोय."

"सुई काय गड्यानं धरायची गोष्ट हाय?"

"आन् कप? परवा पाव्हण्याला चहा दिला आन् कप सोडीनाच की. पाव्हणा वढतोय, ह्ये वढत्यात. मला वाटलं चहा द्यायचाच न्हाई ह्यास्नी."

सगळे हसले. मीही हसलो.

आप्पाची नात धनश्री तिथंच राहते. आईवडील सोलापूरला नोकरीत, आणि ही आजोबांच्या बैलांपायी गावात. ती मला म्हणाली, "नाना, एक विचारू? पाखऱ्या आता दमत नाही. पण सुटतही नाही पहिल्यासारखा. झेंडा पडला की बाकीचे बैल उडतात आणि हा विचार करत बसतो. असं कसं?"

हे मात्र मला सांगता येत होतं. न दमणारे तंतू वेगळे आणि झेप घेणारे तंतू वेगळे. न दमणारा तंतू आखडतोही सावकाश आणि सैलही सावकाश होतो. मलमानं पाखऱ्याला ओझ्याचा बैल केला होता.

"म्हणजे आम्हीच बिघडवला त्याला," धनश्री म्हणाली.

आप्पानं त्याच दिवशी डबी उकिरड्यावर टाकली. पण त्याच्या स्वतःच्या हातांविषयी मी काही बोललो नाही. तो इतका खुशीत होता. आणि माझी खात्री कुठं होती?

चैत्रात बिरोबाची यात्रा. त्या दिवशी माळावर शर्यती असतात. चाबूक, टोचायची पराणी कधीच बंद झालेली. आता बैलाच्या कानामागं एक चकती लावतात आणि ठोके वाढले तर पंच शर्यत थांबवतात. दोन-तीन वर्षांपासून मुलीही चकडी हाकू लागल्या होत्या. चकडी म्हणजे शर्यतीची हलकी दोनचाकी गाडी, उभं राहायलाही धड जागा नाही. धनश्रीनं या वेळी आपण हाकणार म्हणून सांगितलं होतं आणि आप्पानं महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

"पोरीच्या जातीला हाड मोडून घ्यायची हौस कशाला?"

"तुमचं किती वेळा मोडलंय, आबा?"

"म्हणून तर सांगतोय."

शेवटी तो कबूल झाला, पण एका अटीवर. सुटायच्या रेघेवर पाखऱ्याची मोरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, तो स्वतः धरणार. गेली चाळीस वर्षं गावातल्या बैलांची मोरकी तोच धरत आला होता. झेंडा पडताच हात असा उघडायचा की बैलाला कळूही नये कुणी धरलं होतं. ती त्याची ख्याती होती.

मी कनातीपाशी उभा होतो. मला गर्दी सोसत नाही, तरी या वेळी पुढं जाऊन उभा राहिलो. धनश्रीनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. आप्पानं पाखऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि मोरकी मुठीत घेतली.

झेंडा पडला.

जोडीतला दुसरा बैल सुटला. पाखऱ्यानं अंग पुढं टाकलं आणि त्याची मान एकदम बाजूला ओढली गेली. आप्पाची मूठ मिटलेलीच होती. अर्धा क्षण असेल, जास्त नसेल. तेवढ्यात जू तिरकं झालं, चकडी फिरली, एक चाक बांधावर चढलं आणि धनश्री हवेत दिसली. मग धूळ. धुळीतून पुढं आप्पा दिसला, बैलाबरोबर दोन-चार पावलं फरफटत गेलेला, आणि मग त्याचा हात सुटला.

धनश्रीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आप्पाचा खांदा निखळला. पाखऱ्या जुवातून निसटून एकटाच माळाच्या टोकापर्यंत धावत गेला आणि तिथं न दमता उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत साऱ्या यात्रेत एकच बोलणं होतं. म्हाताऱ्यानं धरून ठेवला. पोरीला पळू द्यायचं नव्हतं त्याला. तोंडानं हो म्हणाला आणि हातानं नाही म्हणाला. चाळीस वर्षांत ज्याचा हात कधी चुकला नाही त्याचा नेमका आजच चुकतो?

तालुक्याच्या दवाखान्यात धनश्रीच्या खाटेपाशी मी बसलो होतो. हात गळ्यात बांधलेला, ओठ फुटलेला. ती छताकडं बघत होती.

"नाना, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. आबांनी मुद्दाम धरलं?"

हाच तो प्रश्न. पुन्हा एका शब्दाचा.

"त्याचं असं आहे धना, त्या मलमामुळं स्नायू सैल व्हायला उशीर लागू शकतो. तशी शक्यता आहे. परंतु खात्रीनं सांगायचं तर—"

"परंतु," ती म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. "कळलं, नाना. तुमचा भाऊ आहे तो. तुम्ही तरी काय सांगणार?"

ती सोलापूरला निघून गेली. आप्पाला भेटली नाही.

आप्पा घरी सोप्यात बाजेवर पडून होता. वैनी रानात गेल्या होत्या. मी उशाशी बसलो. तो आढ्याकडं बघतच म्हणाला, "सिदू, एक सांगतो. कुणाला बोलू नगंस."

"नाही बोलणार."

"झेंडा पडायच्या आदी माझ्या मनात आलं हुतं. नगं सोडायला. पोर पडंल. आलं आन् गेलं, माशी बसून उडावी तसं. मग झेंडा पडला आन् मी सोडला. आईच्यान सोडला. पर मूठ म्हणली, थांब." त्यानं गळ्यात बांधलेल्या उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली. बोटं एकामागून एक, झोपेतून उठल्यासारखी उघडली. "आता सारं गाव म्हणतंय मी धरला. रोज ऐकून ऐकून मला बी वाटाय लागलंय, धरलाच का काय मी? पोरीला काय सांगू? मी सोडला का न्हाई, येवढं तू सांग."

"मोजता येईल, आप्पा. हाताचं मोजता येईल."

"मग मोज. आन् मला कार्ड टाक. माझ्या कार्डाचं उत्तर अजून यायचंय तुझ्याकडनं."

"कार्डावर कसं... मी पाकिटातून सविस्तर लिहितो. त्यात समजावून—"

"पाकीट नगं. पाकीट मी येकटाच वाचीन. कार्ड पोस्टातली बाई वाचती, दुकानात वाचत्यात, गिरणीवर वाचत्यात. माझ्या हातात यायच्या आदी गावाला पाठ हुतंय. तसलं पायजे."

"पण त्यावर जागा किती कमी असते."

"म्हणून तर," आप्पा म्हणाला, आणि त्या प्रकारानंतर पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशी मी मूठ मोजायचं लहानसं यंत्र तालुक्याहून आणलं. मूठ आवळायची, घंटी वाजली की सोडायची. पडद्यावर रेघ उमटते. आधी वैनींना धरायला लावलं. त्या नको नको म्हणत होत्या. "माझी कसली मूठ? ह्या घरात माझी मूठ झाकल्यालीच बरी." घंटी वाजली आणि त्यांची रेघ कड्यावरून दगड पडावा तशी सरळ खाली आली. मग आप्पाचा डावा, धड हात. घंटी वाजली. रेघ घाटातल्या वाटेसारखी वळत, रेंगाळत खाली उतरली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. उजव्या हाताचं खांदा बरा झाल्यावर घेतलं; तो जास्तच सावकाश.

आप्पानं पडद्याकडं निरखून पाहिलं. "ही मी?"

"हा तुझा हात."

"पाखऱ्याचा बी असाच आसंल."

"असेल."

बाहेर गोठ्यात पाखऱ्यानं शेपटी हलवल्याचा आवाज आला.

त्याच्या हाताच्या स्नायूचा सुईएवढा नमुना मी पुण्याला माझ्या जुन्या प्रयोगशाळेत दिला. तिथल्या मुलांनी मला नावानं ओळखलं नाही, पण काम चोख केलं. निकाल यायला जेठ उजाडला. मी उंदरांत पाहिल्या होत्या त्याच खुणा आप्पाच्या रिळांवर होत्या. रखवालदार परत आला होता, बिल्लाही निघाला होता, पण त्याची खुर्ची गेली होती. मी विचारलं, काही उपाय? तिथली मुलगी म्हणाली, "सध्या तरी नाही सर. याच्यावर एकच जुना निबंध सापडला. पुढं कुणी काम केलेलं दिसत नाही."

मी तिला लेखकाचं नाव विचारलं नाही.

पोस्टात जाऊन कार्ड मागितलं. खिडकीवरच्या बाई आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं एक गठ्ठा झटकत बाहेर आल्या. मी जास्तीची कार्डं घेतली. स्वतःला मी ओळखतो.

टेबलाशी बसलो. पहिल्या कार्डावर हिस्टोनपाशीच जागा संपली. दुसऱ्यावर "शक्यता" हा शब्द आला आणि मी ते बाजूला ठेवलं. तिसरं कार्ड समोर घेऊन तासभर नुसता बसलो. एक गोष्ट मला टोचत होती. यंत्रानं मला मूठ दाखवली होती, मन दाखवलं नव्हतं. मनात आलेली ती माशी खरंच उडून गेली होती की मुठीत अडकली होती, हे कुठलं यंत्र सांगणार? शास्त्राला धरून लिहायचं तर इथं "परंतु" यायलाच हवा होता. पण त्याचा हात पहिल्यासारखा असता, तर मनात असं दहादा येऊन गेलं असतं तरी बैल वेळेवर सुटला असता. तशी माशी बसत नाही असं मन कुणाचं असतं? चाळीस वर्षं प्रत्येक झेंड्याआधी त्याच्या मनात काय काय आलं असेल. हात उघडत होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

गावात बेंदूर जवळ आला होता. कार्ड त्याआधी पोचायला हवं होतं. मी लिहिलं:

"ती. आप्पास नमस्कार. हातमोजे घालायला हवे होते. मलमानं तुझ्या हाताचे स्नायू बदलले, आता मूठ उशिरा उघडते. हे मी मोजून पाहिलं आहे. यात्रेत तू पाखऱ्याला सोडलं होतंस. मूठ मागाहून सुटली. हात पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, म्हणून यापुढं मोरकी धरू नकोस. हे सगळं मला गेल्या बेंदराआधी ठाऊक होतं. हे कार्ड धनाला वाचायला दे. यंदा खांदेमळणी हळदलोण्यानं कर, उघड्या हातानं. सिदू."

पुन्हा वाचलं. 'मोरकी धरू नकोस' या वाक्याशी थांबलो. त्याच्याकडून आणखी काय काय काढून घ्यायचं राहिलं आहे, असं वाटलं. खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. कार्डावर खाडाखोड केली तर गिरणीवर त्याचीच चर्चा झाली असती.

खाली आलो. फाटकावरचा रखवालदार जागेवर नव्हता, चहाला गेला असावा. चौकातली पोस्टाची पेटी फलकांच्या मागं झाकली गेली आहे. तिचं झाकण गंजून अर्धंच उघडतं. मी कार्ड फटीत घातलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. माझ्या हाताला कधी कुठलं मलम लागलं नव्हतं. तरी बोटं उघडेनात. मागून एक बाई म्हणाल्या, "काका, अडकलं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि कार्ड आत पडल्याचा आवाज आला.